आईच्या मागावर दिसलेली संधी
(साकिची टोयोडा : एक जीवनपट)

कापडाचा व्यापार हा आमच्या घराण्याचा पिढीजात व्यवसाय. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन मी पेढीवर बसलो, त्यास आता चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. महाविद्यालयात असताना भूमी, श्रम, भांडवल आणि संयोजक हे उत्पादनाचे चार घटक आम्ही मुखोद्गत केले होते. परंतु संयोजकास संधी सापडते तरी कोठे, याचे उत्तर त्या पाठ्यपुस्तकांत नव्हते. आज आपल्या समाजातील अनेक सुशिक्षित तरुण वडिलोपार्जित पेढीकडे पाठ फिरवून पुण्या-मुंबईची नोकरी धरतात. दुकानदारीत आता राम उरला नाही, असे त्यांचे म्हणणे. माझ्या चिरंजीवांनीही एकदा मला हेच ऐकवले होते आणि त्या वेळी मला त्यांस समाधानकारक उत्तर देता आले नाही. पुढे एका जपानी सुताराच्या मुलाचे चरित्र वाचनात आले आणि माझ्यापुरते उत्तर मला मिळाले. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने ते चरित्र वाचक बंधू-भगिनींसमोर ठेवीत आहे.

टोयोटा या नावाच्या मोटारी आपण सर्वांनीच रस्त्यावर पाहिल्या आहेत. परंतु या विशाल उद्योगाचा उगम पोलादाच्या भट्टीत नसून एका खेडेगावातील लाकडी हातमागावर आहे, हे फार थोड्यांस ठाऊक असते. तो माग होता एका सामान्य शेतकरी-सुताराच्या पत्नीचा आणि त्याकडे टक लावून पाहणारा मुलगा होता साकिची टोयोडा.

साकिची यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८६७ रोजी यामागुची या खेड्यात झाला. हे गाव आज जपानच्या शिझुओका प्रांतातील कोसाई शहरात समाविष्ट झाले आहे. वडील इकिची हे शेती सांभाळून सुतारकाम करीत. घरची परिस्थिती बेताचीच. साकिचींच्या जन्मानंतर वर्षभरातच, १८६८ मध्ये जपानमधील जुनी सरंजामी राजवट संपुष्टात आली आणि देशाने पाश्चात्त्य विद्या व यंत्रे यांसाठी आपली दारे उघडली. परंतु नव्या युगाचे वारे शहरांत वाहत असले, तरी यामागुचीसारख्या गावात जीवन जुन्याच गतीने चालले होते. प्राथमिक शिक्षण संपताच साकिची वडिलांच्या हाताखाली सुतारकाम शिकू लागले. उच्च शिक्षणाचा प्रश्नच नव्हता.

त्या परिसरात कापूस पिकत असे आणि घरोघरी हातमाग असत. दिवसभराची शेतीची कामे आटोपल्यावर स्त्रिया मागावर बसत व रात्री उशिरापर्यंत विणत. साकिचींची आईही त्यांपैकीच एक. एका हाताने धोटा इकडून तिकडे फेकायचा, दुसऱ्या हाताने फणी ओढून आडवा धागा घट्ट बसवायचा, पुन्हा हात बदलायचे, पुन्हा धोटा फेकायचा. असे शेकडो वेळा करावे तेव्हा कोठे हातभर कापड तयार होई. हे दृश्य गावातील प्रत्येक मुलाने जन्मापासून पाहिले होते. पिढ्यान्‌पिढ्या सर्वांनीच पाहिले होते. परंतु ज्या गोष्टीची डोळ्यांस सवय होते ती दिसेनाशी होते. आईचे कष्ट म्हणजे जणू निसर्गक्रमच, असे मानून सारे गाव स्वस्थ होते. साकिचींना मात्र ते स्वस्थ बसू देईनात.

१८८५ मध्ये जपान सरकारने नवीन शोध लावणाऱ्यास त्याच्या शोधाचा एकाधिकार देणारा कायदा केला. त्या वेळी साकिची अठरा वर्षांचे होते. गावातील काही तरुण रात्री एकत्र जमून वृत्तपत्रे व पुस्तके वाचीत, चर्चा करीत. त्या मंडळींत साकिचीही असत. हा कायदा त्यांच्या कानी आला आणि जीवनाची दिशा निश्चित झाली. आपणाजवळ धन नाही, विद्या नाही, परंतु बुद्धी आहे आणि सुताराचे हात आहेत. तेव्हा उपयुक्त शोध लावून देशाची सेवा करावी, असा संकल्प त्यांनी केला. शोध कशाचा लावावा, हे शोधण्यासाठी त्यांना दूर जावे लागले नाही. घरातच माग होता.

तेव्हापासून ते मागाच्या सांगाड्याशी झटू लागले. लाकडाचे भाग बनवायचे, जोडायचे, मोडायचे, पुन्हा बनवायचे. ज्येष्ठ पुत्राने आपला व्यवसाय पुढे चालवावा अशी स्वाभाविक अपेक्षा बाळगणाऱ्या वडिलांना हे रुचले नाही. गावातील लोक त्यांस विक्षिप्त समजू लागले. कष्टाळू सुतार होऊ शकणारा मुलगा बायकांच्या मागाशी खेळत बसतो, हे त्या काळी उपहासाचेच कारण होते.

१८९० मध्ये टोकियो येथील उएनो भागात राष्ट्रीय औद्योगिक प्रदर्शन भरले. साकिची तेथे गेले आणि यंत्रांच्या दालनात दिवसामागून दिवस उभे राहून एकेका यंत्राची रचना न्याहाळीत राहिले. गावी परतल्यावर त्याच वर्षी त्यांचा पहिला माग पूर्ण झाला. तो लाकडीच होता आणि हातानेच चालणारा होता; परंतु त्यात एक मोठी सोय होती. फणी एका हाताने पुढे-मागे ओढली की धोटा आपोआप या बाजूकडून त्या बाजूकडे धावे. दोन हातांचे काम एका हातावर आले. विणकाम सुमारे चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढले आणि कापडाचा पोतही अधिक एकसारखा झाला. १८९१ मध्ये या मागास एकस्व मिळाले. साकिची तेव्हा चोवीस वर्षांचे होते. या मागावर प्रथम कोणी बसावे, याविषयी त्यांच्या मनात शंका असण्याचे कारणच नव्हते.

येथे कथा संपली असती तर ती बोधकथा झाली असती. प्रत्यक्ष जीवन तसे नसते, हे आपण व्यापारी जाणतोच. आपल्या मागाची उपयुक्तता सिद्ध करण्यासाठी साकिचींनी १८९२ मध्ये टोकियोत काही माग लावून छोटासा विणकाम कारखाना काढला. तो चालला नाही आणि त्यांस गावी परतावे लागले. १८९३ मध्ये त्यांचा विवाह झाला आणि पुढील वर्षी जून महिन्यात पुत्र किइचिरो यांचा जन्म झाला. परंतु संसारात त्यांचे लक्ष कोठे होते? मिळेल तो पैसा व वेळ यंत्राच्या पायी जात असे. अखेर पत्नी तान्ह्या मुलास सोडून माहेरी निघून गेली ती परतली नाही. किइचिरो यांचे सुरुवातीचे संगोपन आजी-आजोबांनी केले. ज्याने आईचे कष्ट हलके करण्यासाठी माग बनवला, त्याच्याच मुलास आईवाचून वाढावे लागले, ही या चरित्रातील सर्वांत दुःखद बाब होय. यशस्वी पुरुषांची चरित्रे लिहिताना ती वगळण्याची प्रथा आहे. मला ती वगळावीशी वाटली नाही. उद्योगाची किंमत केवळ जमाखर्चाच्या वहीत लिहिली जात नाही.

१८९४ मध्ये साकिचींनी सूत गुंडाळण्याचे एक सुधारित यंत्र तयार केले. मागाच्या तुलनेत हा शोध लहान होता, परंतु तो उत्तम खपला. विणकरांच्या घरी मागाआधी सूत गुंडाळण्यातच किती वेळ मोडतो, हे त्यांनी लहानपणी पाहिलेले होते. या यंत्राच्या विक्रीसाठी त्यांनी नागोया शहरात दुकान थाटले आणि मोठ्या शोधासाठी लागणारे भांडवल या लहान यंत्राने पुरवले. १८९७ मध्ये त्यांनी दुसरा विवाह केला. द्वितीय पत्नी असाको यांनी घर आणि व्यवसाय ही दोन्ही आघाड्या खंबीरपणे सांभाळल्या. पती यंत्रात गुंतलेले असताना दुकानाचा कारभार त्या पाहत. आपल्याकडेही अनेक पेढ्या घरातील गृहिणींच्या अशाच अबोल व्यवस्थापनावर उभ्या राहिल्या आहेत. पाटीवर मात्र त्यांचे नाव नसते.

१८९६ मध्ये साकिचींनी वाफेच्या शक्तीवर चालणारा माग सिद्ध केला. जपानी माणसाने तयार केलेला हा पहिला यंत्रमाग मानला जातो. संपूर्ण लोखंडी परदेशी माग अत्यंत महाग असत. साकिचींचा माग लाकूड व लोखंड यांच्या मिश्रणातून बनलेला आणि लहान कारखानदारास परवडणारा होता. एका भागीदारासमवेत त्यांनी या मागांवर कापड काढण्यास प्रारंभ केला. ते कापड इतके एकसारखे निघे की मित्सुई या मोठ्या व्यापारी पेढीचे लक्ष त्याकडे वेधले गेले. कापडाचा दर्जा पाहून मागाचा शोध घेतला गेला, हे आम्हा कापड व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुढे काही वर्षांनी, १९०४ मध्ये, आपल्या महाराष्ट्रात इचलकरंजी येथे विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि त्यातून एक संपूर्ण वस्त्रनगरी उभी राहिली. लहान गावात एका माणसाने बसवलेला एक माग काय करू शकतो, याचा हा आपल्या शेजारचा पुरावा.

नावलौकिक झाल्यावर धनिक मंडळी भांडवल घेऊन पुढे आली. १९०७ मध्ये साकिचींच्या मागांच्या निर्मितीसाठी मोठी कंपनी स्थापन झाली. परंतु भागधारकांना त्वरित नफा हवा होता आणि साकिचींना यंत्राची पूर्ण चाचणी हवी होती. मंदी आली, तोटा झाला आणि त्याचे खापर संशोधनावर फुटले. १९१० मध्ये स्वतःच्याच नावाच्या कंपनीतून त्यांस राजीनामा द्यावा लागला. वय त्रेचाळीस वर्षे; हाती कंपनी नाही, मनात उद्वेग. त्या अवस्थेत ते अमेरिकेस गेले. तेथील कापड गिरण्या त्यांनी बारकाईने पाहिल्या. न्यूयॉर्क येथे जोकिची ताकामिने या थोर जपानी रसायनशास्त्रज्ञांची भेट झाली. शोधकाने आपला शोध पूर्णत्वास जाईपर्यंत त्याची साथ सोडू नये, असा धीर ताकामिने यांनी त्यांस दिला. परदेशी मागांपेक्षा आपली कल्पना कमी प्रतीची नाही, हा विश्वास घेऊन १९११ च्या प्रारंभी ते मायदेशी परतले.

परतल्यावर त्यांनी नागोया येथे स्वतःचा विणकाम कारखाना उभारला. आता चाचणी दुसऱ्याच्या मर्जीवर नव्हती. तेथे एक नवीनच अडचण समोर आली. बाजारातून येणारे सूत कोठे जाड, कोठे बारीक असे. ते वारंवार तुटे आणि दोष मागाचा की सुताचा, हेच कळेना. तेव्हा १९१४ मध्ये त्यांनी स्वतःची सूतगिरणी जोडली. उत्तम माग हवा तर आधी उत्तम सूत हवे, हा सरळ हिशेब होता. त्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले, युरोपातून येणारा माल घटला, कापडास मागणी वाढली आणि गिरणीची भरभराट झाली. १९१८ मध्ये तिचे रूपांतर कंपनीत झाले. ज्या जागी ही गिरणी होती, तेथे १९९४ मध्ये टोयोटा समूहाने वस्त्र व मोटार तंत्रज्ञानाचे भव्य संग्रहालय उघडले.

आता साकिचींच्या सर्वांत महत्त्वाच्या कल्पनेकडे वळू. यंत्रमाग वेगाने चालतो. परंतु एखादा धागा तुटला तरी तो चालतच राहतो आणि गजच्या गज कापड सदोष निघते. म्हणून प्रत्येक मागाजवळ डोळ्यांत तेल घालून पाहणारा माणूस लागे. म्हणजे हात मोकळे झाले तरी डोळे बांधलेलेच राहिले. साकिचींनी असा माग कल्पिला, की जो धागा तुटताच स्वतःच थांबेल. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर धातूची पातळ पट्टी टांगलेली असे. धागा तुटला की पट्टी खाली पडे आणि माग बंद होई. तसेच धोट्यातील सूत संपत आले की माग न थांबवता, पूर्ण वेगात असतानाच, नवा धोटा आपोआप त्याची जागा घेई. अनेक वर्षांच्या प्रयत्नांनंतर, अभियंता झालेल्या किइचिरो यांच्या सहकार्याने, १९२४ मध्ये हा स्वयंचलित माग पूर्णत्वास गेला. पूर्वी एक कामगार मोजकेच माग सांभाळू शके. आता तो तीस ते पन्नास माग पाहू लागला. बाजारात आणण्यापूर्वी या मागांची मोठ्या संख्येने गिरणीतच कसोटी घेण्यात आली, कारण पूर्वीच्या ठेचांनी साकिचींना शहाणे केले होते. १९२६ मध्ये या मागांच्या निर्मितीसाठी कारिया येथे स्वतंत्र कंपनी स्थापन झाली.

चूक घडताच काम थांबवावे, चूक पुढे जाऊ देऊ नये, हे तत्त्व पुढे मोटारींच्या कारखान्यातही अंगीकारले गेले आणि जगभरच्या उद्योगांनी त्याचा अभ्यास केला. व्यापारात आपण याच्या नेमके उलट वागतो, असे मला अनेकदा वाटते. हिशेबातील लहानशी चूक दिसली तरी वर्षअखेरीस पाहू, असे म्हणून आपण पुढे जातो आणि वर्षअखेरीस संपूर्ण तागाच सदोष निघालेला असतो.

१९२९ च्या डिसेंबरमध्ये एक अपूर्व घटना घडली. इंग्लंडमधील ओल्डहॅम येथील प्लॅट ब्रदर्स ही वस्त्रयंत्रे बनवणारी जगप्रसिद्ध कंपनी. तिच्या यंत्रांवर जपानच्या गिरण्या उभ्या राहिल्या होत्या. त्याच कंपनीने साकिचींच्या मागाचे हक्क घेण्यासाठी एक लाख पौंडांचा करार केला. जपान, चीन व अमेरिका वगळता अन्य देशांसाठी हे हक्क होते. अर्थात हिंदुस्थानही त्यात आला. ज्याने शिकवले, त्यानेच शिष्याकडून विद्या विकत घ्यावी, असा हा प्रसंग. याच सुमारास स्वस्त जपानी कापड हिंदुस्थानच्या बाजारपेठेत इतके येऊ लागले, की येथील गिरण्यांच्या रक्षणार्थ सरकारने १९३३ मध्ये त्यावरील आयात कर पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत वाढवला. एका मुलाने आईच्या मागात केलेल्या सुधारणेपासून सुरू झालेल्या प्रवाहाची लाट आपल्या बाजारापर्यंत येऊन धडकली होती.

हा करार झाल्यानंतर वर्षभराच्या आतच, ३० ऑक्टोबर १९३० रोजी, साकिची यांचे वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी निधन झाले. आपण माग केला, मुलाने मोटार करावी, अशी त्यांची इच्छा होती. किइचिरो यांनी ती शिरोधार्य मानली. १९३३ मध्ये माग बनवणाऱ्या त्याच कंपनीत मोटारीचा विभाग सुरू झाला आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटार कंपनी स्वतंत्रपणे उभी राहिली. टोयोडा या आडनावाचे टोयोटा असे रूप व्यापारी नाव म्हणून स्वीकारले गेले. १९८५ मध्ये जपानच्या एकस्व कार्यालयाने देशातील दहा थोर शोधकांची निवड केली, तीत साकिचींचे नाव अग्रभागी होते.

आता माझ्या चिरंजीवांच्या प्रश्नाकडे येतो. हे चरित्र वाचताना मला माझ्या मातुःश्रींची वारंवार आठवण झाली. दुकान वाढवल्यावर उरलेले कटपीस त्या घरी आणवीत आणि रात्री यंत्रावर बसून झबली-टोपडी शिवीत. त्यांच्या हाताची झबली इतकी मऊ व नेटकी असत की नातलगांत बाळ जन्मले की मागणी येई. वडील ती प्रेमाने वाटून टाकीत. हा व्यवसाय होऊ शकतो, असे वडिलांच्या मनात आले नाही आणि वाणिज्याचा पदवीधर असलेल्या माझ्याही मनात आले नाही. काही वर्षांनी तयार झबली परगावच्या घाऊक व्यापाऱ्याकडून विकत आणून आम्ही आमच्याच दुकानात विकू लागलो. मातुःश्री तेव्हा हयात होत्या. त्यांनी ते झबले हातात घेतले, उलटे करून शिवण पाहिली आणि काही न बोलता परत ठेवले. त्या क्षणाचा अर्थ मला साकिचींचे चरित्र वाचेपर्यंत उमगला नव्हता. माग आमच्याही घरात होता. पाहणारा डोळा नव्हता.

म्हणून तरुण बंधू-भगिनींना माझे नम्र सांगणे एवढेच, की पेढी सोडण्यापूर्वी एकदा घरात नीट पाहावे. आईला कोणते काम रोज दुखते, पत्नीचा वेळ कशात मोडतो, वडील कोणत्या गोष्टीवर नित्य कुरकुरतात, ग्राहक कोणती वस्तू मागून रिकाम्या हाताने परततो, याची एक वही करावी. जी अडचण आपल्या घरी आहे ती हजार घरी असते. तीच बाजारपेठ होय. तरीही नोकरी करावीशी वाटली तर अवश्य करावी. त्यात कमीपणा काहीच नाही. आणि उद्योगात पडल्यास साकिचींच्या संसाराची झालेली हानीही विसरू नये. ज्यांच्यासाठी धडपड करतो ती माणसे वाटेत हरवू नयेत.

आपल्या घराघरांतील असे अनेक माग अद्याप कोणीतरी पाहावे म्हणून वाट पाहत आहेत. सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या समाजातील एखाद्या तरुणाची वा तरुणीची दृष्टी तिकडे वळली, तर हा लेखनप्रपंच सार्थकी लागला, असे मी समजेन.